काव्यसुमनांजली, पाने सोळा

माझ्या बारा कवितांची पुस्तिका निघणार हे ऐकल्यावर हेरंबने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पहिला प्रश्न विचारला, "बाराच?" मी जणू डझनभर केळी आणली होती आणि ती त्याला पुरणार नव्हती.

बाराच. सात वर्षं, तीन बदल्या, शाळेतली नोकरी आणि एक मुलगी, यातून तेवढ्याच हाती लागल्या होत्या. त्या कुठल्या पहाटेच्या शांततेत वगैरे लिहिलेल्या नव्हत्या. जीवशास्त्राचे पेपर तपासताना पुरवणीच्या कोऱ्या पानावर, ओपीडीच्या रांगेत, कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये, अशा त्या झाल्या. पुस्तिकेचं नाव मी ठरवलं होतं 'दुसऱ्या मजल्यावरून', कारण आजवरची आमची सगळी सरकारी क्वार्टर्स दुसऱ्याच मजल्यावर होती. चंडीगडमधलंही.

त्या फेब्रुवारीत सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरहून आल्या होत्या. "इथल्यासारखे डॉक्टर अख्ख्या विदर्भात नाहीत," असं हेरंबने त्यांना महिनाभर पटवलं, ऑपरेशनच्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा काढली, डोळ्याला पट्टी बांधलेल्या आईबरोबरचा फोटो सगळ्यांना पाठवला आणि ऑफिसला गेला. त्यानंतरचं सगळं माझ्याकडे आलं. तीन प्रकारचे थेंब, दिवसातून चार वेळा, आणि दोन थेंबांच्या मध्ये पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं. त्या पाच मिनिटांत मी त्यांना कविता म्हणून दाखवायची. प्रकाशनाच्या दिवशी वाचायच्या होत्या, सराव हवा होता, आणि डोळे मिटलेला माणूस उठून जाऊ शकत नाही.

"यमक नाही यात," सासूबाई म्हणायच्या. "मग याले कविता काहून म्हणायचं?"

"बरं आई, दुसरी म्हणते."

"दुसरी नको. ती दोरीवालीच म्हण पुन्हा."

स्वराली, माझी मुलगी, दहावीत होती आणि बोर्डाची परीक्षा चालू होती. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना तिच्या तोंडून हिंदीच निघते. "मम्मा यार, आपकी पोएट्री और दादी की कमेंट्री, दोनों थोड़ा धीरे," ती आतून ओरडायची. तिचं दूध, तिचे नकाशे, तिला सेंटरवर सोडणं, सासूबाईंचे थेंब, माझे नववीचे शंभर पेपर आणि सुट्टीवर गेलेली पोळ्यांची बाई, असं सगळं एकाच महिन्यात आलं. त्यात पुस्तिका.

पुस्तिकेचं प्रकाशन महाराष्ट्र मंडळाच्या मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात करायचं ठरलं. ठरवलं वसुधाताईंनी. त्या मंडळाच्या अध्यक्षा; यजमान इथल्या वैद्यकीय संस्थेतून निवृत्त झाले आणि ताईंनी मंडळ हाती घेतलं. मराठीवर त्यांचं प्रेम असं, की कुणी हॉलमध्ये 'पक्का' म्हटलं की त्या 'नक्की' म्हणून दुरुस्त करत, आणि त्यांच्या स्वतःच्या नातवंडांशी इंग्रजीत बोलत. त्या घरी आल्या, चहा घेतला, माझ्या कवितांचे कागद वजन बघावं तसे हातात धरले आणि म्हणाल्या, "छानच गं. आता यात अध्यक्षांचे, चिटणिसांचे, खजिनदारांचे शुभेच्छासंदेश टाकू. कार्यकारिणीचा फोटो टाकू. सोळा पानांत आरामात बसेल."

"आणि कविता?"

"त्या असतीलच की गं," त्या म्हणाल्या.

हेरंब शेजारी बसून फार समंजसपणे मान हलवत होता. वसुधाताई गेल्यावर तो म्हणाला, "तू इतकी धावपळ करून राहिली, छपाईचं मी पाहतो. तू फक्त कविता दे."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्यात त्याने आपण होऊन काम मागून घेतल्याचे प्रसंग मला एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आला नाही. उलट मी त्या दिवशी त्याच्यासाठी कोबीचे पराठे केले.

प्रमुख पाहुण्यांचं नावही त्यानेच सुचवलं: चिन्मयीमॅडम. त्याच्या साहेबांची, परीक्षित साहेबांची बायको. साहेब नाशिकचे. दिल्लीहून बदलून आलेला वरिष्ठ मराठी निघाला या आनंदात हेरंब वर्षभर तरंगत होता, कारण नागपूरच्या बदलीसाठी शिफारस करायची ती साहेबांनीच. त्यासाठी त्याने साहेबांच्या कुत्र्याला दोनदा डॉक्टरकडे नेलं होतं. स्वतःच्या आईला फॉलोअपला न्यायची वेळ आली तेव्हा त्याची मीटिंग होती.

"त्यांना कवितेतलं कळतं?" मी विचारलं.

"त्या स्वतः लिहितात," हेरंब म्हणाला.

कार्यक्रमाच्या आधीच्या शुक्रवारी प्रेसवाल्या सरदारजींचा मला फोन आला. प्रेस सेक्टर बावीसमध्ये, मोबाइलच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. माझा नंबर बहुधा हेरंबनेच अडीअडचणीला म्हणून दिला असावा. ते म्हणाले, "मैडम, आपकी किताब में एक अक्षर बार बार ग़लत आ रहा है. हमारे ऑपरेटर ने सब ठीक कर दिया है, एक बार देख लो."

मी शाळेतून परस्पर गेले. चुकीचं अक्षर म्हणजे 'ळ'. ऑपरेटरने मेहनतीने प्रत्येक ठिकाणी त्याचा 'ल' केला होता. डोळ्यांचे डोले, फळांची फले. मला हसूच आलं. हे माणसाने न समजून पण मनापासून केलेलं काम होतं, त्याचा राग येत नाही. मी त्यांना समजावलं की हे अक्षर आमच्याकडे आहे, राहू द्या. ते म्हणाले, "अच्छा जी, हमारे पंजाबी में भी है, मैंने इसको बोला था."

मग मी पुस्तिका पहिल्या पानापासून बघायला लागले.

मुखपृष्ठावर गुलाबांचा ताटवा होता आणि त्यावर नाव होतं 'काव्यसुमनांजली'. खाली 'आसावरी आणि सौ. चिन्मयी'. आत अध्यक्षांचा संदेश, चिटणिसांचा संदेश, खजिनदारांचा संदेश, कार्यकारिणीचा फोटो. त्यानंतर तीन पानं 'एका पतीचे मनोगत', लेखक हेरंब. त्यात लिहिलं होतं की, माझ्या पत्नीच्या काव्याला मी सतत पाणी घालत आलो. आणि हेही, की साहेबांच्या रूपाने मला मोठा भाऊ लाभला. मग चिन्मयीमॅडमच्या आठ चारोळ्या, दोन पानांत. आठही गुलाबावर.

गुलाब म्हणाला काट्याला,
तू का रे टोचतोस?
काटा म्हणाला गुलाबाला,
तू का रे हसतोस?

आणि शेवटी माझ्या कविता. पाच. बारातल्या सात गेल्या होत्या, आणि राहिलेल्या पाचांतल्याही दोन जागा पुरली नाही म्हणून शेवटच्या ओळी कापलेल्या. दोरीची कविता नव्हतीच.

मी विचारलं, "ये किसने बताया?"

सरदारजींनी फोन पुढे केला. हेरंबचे निरोप, एकाखाली एक. 'मैडम की कविताएँ पहले.' 'वाइफ की कम कर दो, चलेगा.'

चलेगा.

मी लाकडी बाकावर बसले. सरदारजींनी पाणी दिलं. रडू वगैरे आलं नाही. कुठली साडी नेसायची हे मी पंधरा दिवस ठरवत होते याची मात्र लाज वाटली. घरी जाऊन भांडावं असंही मनात आलं. पण भांडण कसं होईल ते मला पाठ होतं. तो म्हणणार, मी हे तुमच्यासाठीच केलं ना, नागपूरला घर आहे, आई आहे. सासूबाई कॉटवरून म्हणणार, जाऊ दे. आणि रविवारी मी ती साडी नेसून पाच लंगड्या कविता हसत हसत वाचणार.

"जी, मेरी वाली पाँचों निकाल दीजिए," मी म्हणाले.

"निकाल दें?" त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "फिर इसमें बचेगा क्या?"

"जो है वो बहुत है. गुलाब एक एक पेज पे एक एक लगा दीजिए, बड़े अक्षर में."

"और टाइटल पे आपका नाम?"

"नाम रहने दीजिए."

 त्यांनी ऑपरेटरला हाक मारली.

घरी आल्यावर हेरंबने मोजे काढता काढता विचारलं, "प्रूफ पाहिलं म्हणे तू?"

"पाहिलं."

"मग?" त्याने तयार ठेवलेलं स्पष्टीकरण मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"छान आहे," मी म्हणाले.

तो इतका सुटल्यासारखा हसला की मला क्षणभर त्याची कीव आली. लगेच म्हणाला, "मी म्हटलंच होतं, तू समजदार आहे. पराठे करून राहिली काय?"

मी खिचडी केली.

रविवारी हॉल भरला होता. संस्थेतले डॉक्टर, विद्यापीठातले लोक, चंडीमंदिरच्या छावणीतून आलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका, सगळ्या पैठण्या बाहेर पडल्या होत्या. बटाटेवड्यांचा वास स्टेजपर्यंत येत होता. सासूबाई काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि स्वराली त्यांच्या शेजारी, मांडीवर भूगोलाचं पुस्तक उघडून. गुलाबी कागदात बांधलेला गठ्ठा सोडला, फोटो निघाले, पुस्तिका वाटल्या. लोक पुस्तिका चाळत होते. कुणी कार्यकारिणीच्या फोटोत स्वतःला शोधत होतं, कुणी वारा घेत होतं. फेब्रुवारीत वारा कशाला हवा होता, देव जाणे.

वसुधाताई बोलल्या. "आसावरीच्या कवितेतला निसर्ग मला फार भावतो." मग श्रीपाद सर उभे राहिले. सर विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतात आणि मंडळात साहित्य. त्यांच्याकडे पुस्तिका गुरुवारीच जायची होती, उशीर झाल्याने ती त्यांना स्टेजवर मिळाली होती. त्याने त्यांचं काही अडलं नाही. पंचवीस मिनिटं ते माझ्या कवितेवर बोलले. माझी प्रतिमासृष्टी, माझं स्त्रीमन, माझ्या शब्दांतला मृद्गंध. "विशेषतः शेवटची कविता," ते म्हणाले, "तिने मी अंतर्बाह्य हललो." शेवटच्या पानावर वडे-केटरिंगवाल्याचे आभार होते.

हेरंब माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होता. त्यानेही पुस्तिका उघडली होती, स्वतःच्या मनोगतापर्यंत. त्यातला एक शब्द चुकला म्हणून त्याने जीभ चावली आणि मिटून ठेवली. दीडशे माणसं होती हॉलमध्ये. मी एकेक चेहरा बघत होते आणि मला मजा येत होती. ती मजा काही चांगल्या जातीची नव्हती, हेही कबूल करते.

मग चिन्मयीमॅडम बोलायला उठल्या. साधी सुती साडी, वयाने माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान. मी त्यांना आधी एकदाच, लांबून पाहिलं होतं, आणि साहेबाची बायको म्हणून मनातल्या मनात आवश्यक तेवढं तुच्छ ठरवून ठेवलं होतं. त्या माइकपाशी गेल्या. पुस्तिकेची पानं पुढे उलटली, मागे उलटली. मग म्हणाल्या, "मला वाटतं काहीतरी चुकलंय. यात आसावरीताईंची एकही कविता नाहीये."

हॉलमध्ये पानांची सळसळ झाली. पुस्तिका खऱ्या अर्थाने उघडल्या गेल्या त्या तेव्हा.

"यात फक्त माझ्या चारोळ्या आहेत," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "त्या मी मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमासाठी लिहिल्या होत्या, रोझ फेस्टिव्हलच्या वेळी. हेरंबजींनी मागितल्या. मला सांगितलं, आसावरीताईंची फार इच्छा आहे. म्हणून दिल्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेरंब गठ्ठ्यातल्या दुसऱ्या प्रतीत शोधत होता, तिच्यात असतील म्हणून.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी जागेवरूनच म्हणाले, "माझ्या बारा होत्या. माझ्या नवऱ्याने सात काढल्या, उरलेल्या पाच मी काढल्या."

कुणीतरी हसलं. साहेब चष्मा पुसायला लागले. श्रीपाद सर पाण्याचा पेला उचलून त्यात बघत राहिले. वसुधाताई मात्र तयारीच्या. त्यांनी माइक घेतला. "छपाईत असं होतं कधीकधी. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू. वडे गार होतायत, सगळ्यांनी चला." आणि मराठी भाषेवर प्रेम करणारी ती दीडशे माणसं एका मिनिटात रांगेत उभी राहिली.

सासूबाई उठल्या नाहीत. मोठ्यांदा म्हणाल्या, "मी वडे खायला नाही आली. माझी दोरीवाली कुठं गेली?"

"आई, घरी म्हणते."

"घरी रोजच ऐकून राहिली मी. इथं म्हण."

चिन्मयी स्टेजच्या पायरीवर बसल्या. "म्हणा ना," त्या म्हणाल्या. आवाजात गोडवा नव्हता. कागद नव्हताच माझ्याकडे, लागणारही नव्हता.

नव्या क्वार्टरात आधी दोरी बांधायची.
देव नंतर, गॅस नंतर.
ओले कपडे थांबत नाहीत
आपण कुठे आलोय ते कळेपर्यंत.

पुढची कडवी म्हणताना मागून 'चटणी संपली का' असा आवाज आला. ऐकायला नऊ माणसं होती. मी मोजली. त्यात चंडीमंदिरच्या दोघी होत्या, एकीने मधेच डोळ्याला पदर लावला. तिची अकरावी बदली होती असं नंतर कळलं. मग मी दुसरी म्हटली. मग तिसरी. स्वरालीने भूगोलाचं पुस्तक मिटलं होतं. हेरंब साहेबांसाठी प्लेट भरत होता.

निघताना चिन्मयी माझ्याजवळ आल्या. "तुम्हाला शुक्रवारीच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला एक फोन करू शकला असतात. तुम्हाला मला सगळ्यांसमोर बावळट ठरवायचं होतं ना?"

'नाही' म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. कारण ठरवायचं होतंच. गुलाब एकेका पानावर मोठ्या अक्षरात लावा, हे मी त्यांच्यासाठीच सांगितलं होतं. आयुष्यात ज्या बाईशी मी एक वाक्य बोलले नव्हते, तिच्यावर मी नवऱ्याचा राग काढला होता.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. "कविता मात्र चांगल्या आहेत. मला पाठवा सगळ्या." आणि गेल्या.

गाडीत हेरंब चौकामागून चौक उगाच हॉर्न वाजवत होता. शेवटी फुटला. "साहेबांपुढे नाक कापलं तू माझं. आता नागपूर विसर."

"मम्मा ने नहीं काटा, पापा," स्वराली मागून म्हणाली. "आपने खुद काटा." आणि मग, हे ती मराठीत म्हणाली, तेवढंच: "मला ती दोरीची आवडली."

हेरंब आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. घरात बरीच कामं उरकली त्या आठवड्यात. एप्रिलमध्ये बदल्यांची यादी आली. बदली झाली होती परीक्षित साहेबांची, गुवाहाटीला. हेरंबचं नाव कुठेच नव्हतं. शिफारस गेली होती की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. ज्या माणसाला त्याने छापील मोठा भाऊ केलं, त्याने निरोपसमारंभात त्याला हेमंत म्हणून हाक मारली.

चिन्मयींचं सामान बांधायला मी दोन दिवस गेले. आमची काही मैत्री झाली असं म्हणणार नाही. त्या माझ्याशी तेव्हाही जरा जपूनच बोलत होत्या. पण खोके भरता भरता त्यांनी माझ्या बाराही कवितांवर एकेक करून मत दिलं, आणि त्यातल्या दोन फुसक्या आहेत असं तोंडावर सांगितलं. नवव्या कवितेबद्दल त्यांचं मला लगेच पटलं, दुसरीबद्दल महिनाभराने.

जूनमध्ये मी दहा कविता छापल्या, त्याच प्रेसमध्ये. संदेश नाहीत, मनोगत नाही, गुलाब नाहीत, प्रकाशन तर नाहीच. सासूबाई तोवर नागपूरला परतल्या होत्या. त्यांना वीस प्रती पाठवल्या; त्यांनी सोसायटीत वाटल्या आणि प्रत्येकीला बजावलं की यमक शोधू नका.

हेरंबने पुस्तिका एका रविवारी दुपारी वाचली. सगळी, पहिल्यांदाच. मी पेपर तपासत होते. वाचून झाल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "यातला नवरा फारच वाईट दाखवला तू."

"कुठल्या कवितेतला?"

"सगळ्याच."

"दहांतल्या तिनांतच नवरा आहे, हेरंब."

त्याने पुन्हा पुस्तिका उघडली आणि उभ्याउभ्याच मोजायला लागला.